अंधार परत येतोय, तर त्याचं करायचं काय?

अध्यक्षांनी माझी ओळख ‘अंधाराचे अभ्यासक’ अशी करून दिली. घरी हे सांगायची सोय नाही. असो. विषयाचे दोन भाग आहेत. दूर उत्तरेकडच्या देशांत उन्हाळा सरताना काळोखी रात्र परत कशी येते, हा पहिला. आणि ती आल्यावर बघायचं काय, हा दुसरा. महत्त्वाचा दुसरा आहे, म्हणून पहिला झटपट उरकतो. मागच्या रांगेत जे हसले, त्यांनी मला पूर्वी ऐकलेलं दिसतंय.

सूर्य मावळला की रात्र झाली, हे व्यवहारापुरतं ठीक आहे. आकाश पुरतं काळं व्हायचं तर तो क्षितिजाखाली 18 अंश उतरावा लागतो. विषुववृत्तापाशी तो जवळपास सरळ खाली जातो, साधारण सव्वा तासात काम फत्ते. उत्तरेकडे जाल तसा तो तिरका सरकत जातो, आणि 48.5 अंश अक्षांशाच्या वर जूनमध्ये मध्यरात्रीसुद्धा 18 अंश गाठत नाही. उत्तर क्षितिजावर रात्रभर उजेड रेंगाळतो. 50 अंशांवर हा छळ जूनपासून जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. 55 वर मे ते ऑगस्टची सुरुवात. 60 वर एप्रिलच्या उत्तरार्धात रात्र निघून जाते ती थेट ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला उगवते. चार महिने दुर्बीण कपाटात! दक्षिणेतही गणित हेच, फक्त सहा महिन्यांनी. पण तिथे त्या अक्षांशांवर बहुतेक समुद्रच आहे, आणि पेंग्विन तक्रार करत नाहीत.

बरं, ती गेलेली रात्र परत येते ती धावत येते. जूनअखेरीस सूर्याची क्रांती, म्हणजे आकाशातल्या विषुववृत्तापासूनचं त्याचं अंतर, दिवसाला जेमतेम तीन-चार कलांनी बदलते (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), सप्टेंबरात मात्र दिवसाला सुमारे 23 कलांनी. म्हणून हौशी निरीक्षक ऑगस्टमध्ये बेसावध असतात आणि महिन्याभरात हाताशी घसघशीत रात्र असते. तोपर्यंतचा विरंगुळा म्हणजे रात्रिदीप्त ढग. 80 किलोमीटरहून उंचावरचे बर्फाचे कण, खाली अंधारलं तरी सूर्यप्रकाशात चमकणारे. मला आवडतात. पण माणूस किती दिवस ढग बघेल?

आता एक तक्रार. संयोजकांनी नको म्हटलं होतं, तरी करतो. सूर्यानं अंधार परत दिला, तो आपण किती वेळ टिकवतो? डोळ्याची बाहुली क्षणात मोठी होते, पण खरं काम दृष्टिपटलावरच्या दंडपेशींचं. त्यांच्यातलं ऱ्होडॉप्सिन उजेडानं विरतं आणि पुरतं भरून यायला अर्धा तास तरी जातो. या पेशींना तांबडा प्रकाश जवळपास जाणवत नाही, म्हणून निरीक्षक मंद लाल विजेरी वापरतात. मंद म्हटलं मी. लाल सर्चलाइट घेऊन येणारेही आहेत.

तर एका आकाशदर्शनाला माझ्या शेजारी एक गृहस्थ होते. अर्धा तास निमूट बसले. दुर्बिणीच्या नेत्रिकेत देवयानी तारकासमूहातली दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखंच ताऱ्यांचं दुसरं बेट, लावून दिली होती. ते डोळा लावायला वाकले आणि खिशातला फोन वाजला. काढला, पडद्याचा लख्ख उजेड तोंडावर, आणि म्हणतात कसे, “हो, आकाशच बघतोय. नाही गं, काही दिसत नाहीये!” मग दीर्घिका नेमकी कुठे आहे ते शोधायला त्यांनी तारे दाखवणारं अ‍ॅप उघडलं, त्याच पूर्ण उजेडावर. फोन आभाळाकडे धरला. अ‍ॅपमध्ये दीर्घिका दिसली. समाधान झालं. गाडीची डिकी उघडून त्यांनी थर्मास काढला, डिकीतला पांढरा दिवा लागला, आणि मैदानावरच्या सगळ्यांचा अर्धा तास गेला. त्या दिव्याचा बल्ब आधीच काढून ठेवता येतो, हे मी त्यांना फार सौम्य शब्दांत सांगितलं. हसू नका, खरंच सौम्य होते.

अंधाराची किंमत कळायला वॉल्टर बाडेंची गोष्ट ऐकायला हवी. हे जर्मन खगोलज्ञ 1931 मध्ये अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत आले. तिथली 100 इंची दुर्बीण तेव्हा जगात सगळ्यांत मोठी, पण डोंगराखाली लॉस एंजेलिस, आणि त्याचे दिवे दरवर्षी वाढणारे. बाडेंनी अमेरिकन नागरिकत्वासाठी अर्ज केला होता. घर बदलताना कागद हरवले आणि त्यांनी पाठपुरावाच केला नाही. युद्ध सुरू झालं, बाडे शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले, आणि अशांना रात्री घराबाहेर पडायला बंदी. खगोलशास्त्रज्ञाला! अखेर त्यांना सूट मिळाली. हबलसारखे सहकारी युद्धकामाला गेलेले, दुर्बीण बरीचशी मोकळी, आणि हवाई हल्ल्याच्या भीतीनं शहराचे दिवे मंद. 1943 मध्ये त्यांनी लाल प्रकाशाला संवेदनशील छायाचित्रणाच्या काचा वापरून, तास तास प्रकाश साठवून, देवयानी दीर्घिकेच्या गाभ्यातले तारे सुटे करून दाखवले. तोवर तिथे सगळ्यांनाच निव्वळ धुकं दिसत होतं. त्यातून ताऱ्यांचे दोन वंश, तरुण आणि म्हातारे, वेगळे झाले, आणि त्याच वाटेनं पुढे 1952 मध्ये दीर्घिकांची अंतरं एकदम दुप्पट करावी लागली. आरसा तोच, माणूस तोच, नवा होता तो अंधार.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे दुसरा भाग.

माझं म्हणणं एवढंच, की शरदाचं आकाश रिकामं म्हणून हिणवतात ते चूक आहे. ठळक तारे कमी, हे मान्य. पण त्याचं कारण बघा. उन्हाळ्यात आपली नजर आकाशगंगेच्या चकतीतून जाते, तारे आणि धूळ भरपूर. शरदात संध्याकाळी आपण चकतीच्या बाहेर बघत असतो. तिचा दक्षिण ध्रुव तेव्हा शिल्पकार तारकासमूहात वर आलेला असतो. ही आपल्या दीर्घिकेची खिडकी आहे. हबलनं 1923 च्या ऑक्टोबरात देवयानीच्या काचेवर ‘व्हेरिएबल’ची तीन अक्षरं आणि उद्गारचिन्ह लिहिलं, ते याच खिडकीतून बघून. एक रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणारा तारा, आणि ती दीर्घिका आपल्या आकाशगंगेबाहेर गेली ती कायमची.

वाट सोपी. दोन्ही भाद्रपदांचे चार तारे मिळून मोठा चौकोन होतो. त्यातल्या उत्तरा भाद्रपदेच्या उत्तरेकडच्या ताऱ्यापासून देवयानीच्या रांगेत दुसरा ठळक तारा धरा, तिथून शर्मिष्ठेकडे वळा, दोन अंधुक तारे चढा, शेजारी पुसट डाग. 25 लाख प्रकाशवर्षं, साध्या डोळ्यांनी. (देवयानी, शर्मिष्ठा आणि ययाती आकाशातही शेजारीच आहेत, ते प्रकरण तिथेही मिटलेलं नाही.) थेट बघू नका, नजर जरा बाजूला ठेवा, कारण दृष्टिपटलाच्या मध्यावर दंडपेशी नसतात. त्याच ताऱ्यापासून उलट दिशेला तेवढंच गेलात की त्रिकोणातली दीर्घिका. ती नुसत्या डोळ्यांना दिसली तर आकाश उत्तम आहे. नाही दिसली तर द्विनेत्री काढा, आणि मोठी दुर्बीण अजून अर्धा तास झाकूनच ठेवा. शर्मिष्ठा आणि ययाती यांच्यामधला जुळा गुच्छही बघा, तो मात्र आपल्याच दीर्घिकेतला.

चंद्राचं राहिलं. उत्तरेत शरदातल्या पौर्णिमेनंतर तो रोज थोडाथोडाच उशिरा उगवतो, त्यामुळे आठवडाभर संध्याकाळ वाया. पण शुक्ल पक्षातली कोर या दिवसांत क्षितिजालगत राहून लवकर मावळते, म्हणून अमावास्येनंतरचे चार-पाच दिवसही वापरा; बरेच जण ते सोडून देतात. आणि दव पडतं, भिंगापुढे लांब पुठ्ठ्याची नळी लावा, फडक्यानं पुसू नका, लेप जातो. शनीबद्दल बोलायचं होतं, पण अध्यक्ष उठलेत. प्रश्न बाहेर घेतो.