मेंदूतल्या बारीक वाटा

(पडद्यावर: एमआरआय)
मेंदूच्या मधल्या पोकळ्यांभोवती हे पांढरे डाग पाहा, पिंजलेल्या कापसासारखे. बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं झिजत गेल्या, त्याच्या या खुणा.

(पडद्यावर: जुनं रेखाचित्र)
मेंदूच्या तळाशी असलेलं धमन्यांचं हे कडं १६६४ साली थॉमस विलिस यांच्या ग्रंथात छापलं गेलं. त्यातली चित्रं काढायला ख्रिस्तोफर रेन होते. पुढे लंडनचं सेंट पॉल कॅथेड्रल उभारणारे तेच रेन. या कड्याजवळच्या जाड धमन्यांना केसासारख्या बारीक फांद्या फुटतात आणि थेट खोल आत शिरतात. बहुतेकींना पर्यायी वाट नसते. एक बंद पडली, की तिच्यापुढचा भाग उपाशी. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण प्राणवायू लागतो सुमारे २० टक्के आणि शिल्लक साठा जवळपास नाहीच. रक्तदाब अनेक वर्षं चढा राहिला, की या फांद्यांच्या भिंती जाड आणि ताठ होतात, आतली जागा आक्रसते. दुखत काहीच नाही, म्हणून वर्षं निघून जातात.

(पडद्यावर: दृष्टिपटल)
हा डोळ्याचा आतला पडदा. इथल्या वाहिन्या मेंदूतल्या वाहिन्यांच्या सख्ख्या बहिणीच म्हणा ना! ताठरलेली धमनी शिरेला ओलांडते, तिथे शीर चिमटल्यासारखी दिसते. बघा, इथे.

(पडद्यावर: खिडकीपाशी बसलेले आजोबा)
आधी विचारांचा वेग मंदावतो. मग चाल, मग स्मरण.

(पडद्यावर: रक्तदाब तपासणी)
अमेरिकेतल्या स्प्रिंट माइंड चाचणीत ९ हजारांहून अधिक लोक होते. वरचा रक्तदाब १४०ऐवजी १२०च्या खाली आणायचं ठरलेल्या गटात सौम्य बौद्धिक ऱ्हास १९ टक्क्यांनी कमी आढळला, असा निष्कर्ष २०१९ साली आला. स्मृतिभ्रंशाबाबत तसं ठामपणे सांगता आलं नाही. तरी एवढं हाती असताना चाळिशीतल्या माणसाच्या दंडाला वर्षातून एकदाही पट्टा लागू नये, हे आम्हांला पटत नाही.

पाठ टेकलेली, पाच मिनिटं शांत बसणं झालेलं, दंड हृदयाच्या पातळीला. पट्टा आवळतो, मग हळूहळू सैलावतो. पहिला ठोका ऐकू येतो, तो वरचा आकडा. ठोके विरतात, तो खालचा.

परिचारिका वहीत लिहितात: १४८, ९२.