विटेत कोरलेली शंभर अक्षरं

उत्तर चीनमधल्या शान्शी प्रांतातलं हे चिश्येन. समोर दिसतोय तो चियाओ घराण्याचा वाडा. बाहेरून नुसती तटबंदी, राखाडी विटांची, दहा मीटरहून उंच. आत सहा मोठे चौक आणि 313 खोल्या. बरीचशी छपरं आतल्या बाजूला उतरती. पावसाचं पाणी म्हणजे लक्ष्मी, ती आपल्याच चौकात पडावी, ही त्यामागची श्रद्धा.

घराण्याचा मूळ पुरुष चियाओ क्वेइफा. गरिबीपायी त्यानं गाव सोडलं आणि दूर उत्तरेला बाओथोऊच्या बाजूला जनावरांचा चारा आणि टोफू विकायला सुरुवात केली. नातवाच्या काळात या घराच्या पेढ्यांच्या हुंड्या चीनभर वटत होत्या. पैसा रग्गड झाला. मान मात्र पैशानं मिळत नव्हता. जुन्या चिनी समाजाच्या उतरंडीत विद्वान सगळ्यांत वर, मग शेतकरी, मग कारागीर आणि तळाला व्यापारी. या भिंतींवरची अक्षरं वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

महाद्वाराच्या बरोबर समोरची ही भिंत जवळून पाहू. अक्षर एकच, ‘शौ’, म्हणजे दीर्घायुष्य. शंभर वेळा कोरलंय आणि शंभर तऱ्हांनी. कुठे रेघ नागमोडी, कुठे चौकोनात बसवलेली. वळण प्राचीन, शिक्क्यांवर असतं तसं. कागदावर कुंचल्यानं अशी अक्षरं काढायलाही हात तयार व्हावा लागतो. इथे ती भाजलेल्या विटेत छिन्नीनं उतरवली आहेत. छिन्नी निसटली की खाडाखोडीला जागा नाही.

दोन्ही बाजूंना सेनानी आणि मुत्सद्दी त्सुओ त्सोंगथांग याच्या दोन ओळी आहेत. वासना कमी करा, स्वर्गीय नीती परत आणा. सद्गुण साठवा, मग उत्तम लिहू शकाल. सावकाराच्या दारात साठवायला सांगितलंय ते सद्गुण! अख्ख्या वाड्यात मला याहून मोलाचं काही दिसलं नाही.

दाराच्या काळ्या फळ्यांवरच्या ओळी चीनच्या शेवटच्या, छिंग राजघराण्याच्या दरबारातला बडा मंत्री ली होंगचांग याच्या. मुलं-नातवंडं गुणी निघाली तर कुळ वाढतं, भावाभावांत सलोखा असला तर घर भरतं.

घरात सहा नेम होते. बायको असताना उपपत्नी ठेवायची नाही, वेश्यागमन नाही, जुगार नाही, अफू नाही, दारूत बुडायचं नाही. आणि नोकरांना छळायचं नाही.