कोकणी पत्रांचं फिरतं बिऱ्हाड

श्रोतेहो, नमस्कार.

कोकणी वर्तमानपत्रांची गोष्ट सांगायची तर सुरुवात गोव्यातून नाही, पुण्यातून करावी लागते. १८८९ साली एदुआर्द ब्रुनो द सौझा यांनी पुण्यात 'उदेंतेचें साळक' काढलं. कोकणीतलं पहिलं नियतकालिक ते हेच, आणि त्याची लिपी रोमन. टिळक-आगरकरांच्या पुण्यात, 'केसरी'च्या शेजारी हे घडत होतं. आपण मराठी माणसं पुण्याच्या पत्रकारितेबद्दल भरभरून बोलतो, पण याची आठवण क्वचितच काढतो.

गोव्यात तेव्हा वर्तमानपत्रं नव्हती असं नाही. मडगावला १८५९पासून 'उल्त्रामार' निघत होतं. पुढे १९०० साली 'हेराल्दो' हे दैनिक आलं. पण दोन्ही पोर्तुगीज. १६८४ साली तर सरकारनं फर्मानच काढलं होतं की, लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. फर्मान घरात शिरलं नाही. चुलीपुढे कोकणीच राहिली. शाळेत आणि कचेरीत मात्र तिला कुणी बसायला पाट दिला नाही. शिकलेला ख्रिस्ती पोर्तुगीज वाचायचा, शिकलेला हिंदू मराठी. मग कोकणी पत्र काढायचं कुणासाठी?

तो वाचक गोव्याबाहेर होता. पोटापाण्यासाठी मुंबईत आलेला खलाशी, आचारी, वाजंत्री. धोबीतलावाच्या आसपास 'कुडां'मध्ये तो राहायचा. कुड म्हणजे एकेका गावच्या लोकांनी मिळून चालवलेलं वसतिस्थान. बोट लागेपर्यंत तिथे मुक्काम. हातात चार पैसे, गावाची ओढ, आणि रोमन अक्षरांची ओळख. छापणाऱ्याला आणखी काय हवं? १८९२ साली पहिलं तियात्र, म्हणजे गाण्यांनी भरलेलं कोकणी नाटक, मुंबईत रंगलं, तेही याच मंडळींच्या जिवावर. १९०७मध्ये बी. एफ. काब्राल यांचं 'सांजेचें नखेत्र' मुंबईतूनच निघालं.

आणि कराची! तिथेही गोंयकारांची मोठी वस्ती होती. १९१५ साली फादर व्हिन्सेंट लोबो यांनी तिथे 'दर म्हयन्याची रोटी' हे धार्मिक मासिक सुरू केलं. ते पुढे गोव्यात आलं आणि अजून निघतं. परगावी जन्मून आयुष्याच्या उत्तरार्धात घरी परतलेलं मासिक मला तरी दुसरं माहीत नाही. गोव्यात १९३३ साली पिलारच्या पाद्रींनी 'वावराड्यांचो इश्ट' हे साप्ताहिक काढलं. नावातच कष्टकरी वाचक आहे. तेही टिकलं.

तिकडे मंगळूरची तऱ्हा वेगळी. तिथली कोकणी कन्नड लिपीत लिहिली जाते. १९१२ साली 'कोंकणी दिर्वें' आणि १९३८ साली 'राकणो' ही पत्रं तिथे निघाली. आता गंमत अशी, की मंगळूरचं 'राकणो' पिलारच्या वाचकाला वाचता येत नाही आणि पिलारचं रोमन लिपीतलं 'इश्ट' देवनागरीवाल्याला अडखळत वाचावं लागतं. तोच मजकूर कुणी मोठ्यानं वाचून दाखवला, तर लकबीचा फरक सोडला तर तिघांनाही कळेल. रेडिओवर बोलताना मला हे सांगायला बरं वाटतं. पण छापणाऱ्याच्या दृष्टीनं याचा अर्थ फार कठोर होता. आधीच भाषा लहान, त्यात वाचक लिपीलिपीत वाटलेला. धार्मिक साप्ताहिकांना चर्चचा आधार होता, म्हणून ती तगली. दैनिकाला असा आधार कुठला?

१९८७ साली देवनागरी कोकणी गोव्याची राजभाषा झाली आणि त्याच वर्षी देवनागरी दैनिक 'सुनापरान्त' सुरू झालं. १९९२मध्ये कोकणी आठव्या अनुसूचीत आली. राज्यघटनेत जागा मिळाली, पण पेपरच्या स्टॉलवर मराठी आणि इंग्रजी दैनिकांशी गाठ होती. माझ्या मते खरी अडचण जाहिरातींची. जाहिरातदार त्याच दैनिकांकडे वळत राहिले. २०१५ साली 'सुनापरान्त' बंद पडलं. पुढच्याच वर्षी 'भांगरभूंय' हे नवं कोकणी दैनिक गोव्यात आलं, तेही देवनागरीतच.