वाळूचं तापमान, पिल्लाचं लिंग

(दृश्य: रात्रीचा किनारा, अंडी घालणारी मादी)

समुद्री कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उबेवर ठरतं. लिंग ठरवणारी गुणसूत्रं त्याच्याकडे नसतात. घरट्यात साधारण २९ अंश सेल्सिअस असेल तर नर-माद्या निम्म्या-निम्म्या. २७ च्या आसपास जवळजवळ सगळे नर, ३१ च्या वर सगळ्या माद्या. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांवरचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. प्रौढांत सुमारे ८७ टक्के माद्या होत्या, पिल्लावस्था संपलेल्या लहान कासवांत ९९ टक्क्यांहून जास्त.

(दृश्य: बटणाएवढा डेटा लॉगर, शेजारी बर्फाचं भांडं)

इथे अर्ध्या अंशाची चूकही महागात पडते. म्हणून लॉगर, म्हणजे तापमानाची आपोआप नोंद ठेवणारं छोटं यंत्र, आधी बर्फाचा चुरा आणि पाणी यांच्या मिश्रणात ठेवून शून्य दाखवतो का ते तपासायचं. मग ओल लागू नये म्हणून तो नीट गुंडाळायचा. निम्मी अंडी खड्ड्यात, मधोमध लॉगर, त्यावर उरलेली अंडी. नोंद दर तासाला. दुसरा लॉगर तेवढ्याच खोलीवर, पण मीटरभर दूर, रिकाम्या वाळूत.

हा दुसरा लॉगर अनेक जण टाळतात, आणि तिथेच फसतात. वाढणारे गर्भ स्वतः उष्णता सोडतात, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात घरटं भोवतालच्या वाळूपेक्षा गरम होतं. किती, ते दुसऱ्या लॉगरशी ताडूनच कळतं. लिंग मात्र त्याआधीच, मधल्या तिसऱ्या हिश्श्यात ठरलेलं असतं. ५४ दिवसांचं घरटं असेल तर ढोबळमानाने १९ ते ३६ हे दिवस. पूर्ण काळाची सरासरी काढली, तर माद्यांचा अंदाज उगीच फुगतो.

अंडी हॅचरीत, म्हणजे ती उबवण्यासाठी राखलेल्या सुरक्षित जागेत, हलवायची तर घातल्यापासून पहिल्या काही तासांतच. नंतर गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. अंडं उलटलं की तो मरतो.

(दृश्य: सावलीची जाळी)

गरम वाळूवर दोन उपाय आहेत, सावली आणि गोडं पाणी. पाणी जास्त झालं तर वाळूच्या कणांमधली हवा जाते आणि अंडी गुदमरतात. सावली सगळ्या हॅचरीवर धरली, तर उलट सगळे नर निघू शकतात. जाळी काही घरट्यांवरच हवी. एक नर अनेक माद्यांशी समागम करतो, म्हणून निम्मे-निम्मे हे प्रमाण साधण्याचा हट्ट नको. पण तापमान ३४-३५ अंशांवर टिकून राहिलं तर प्रश्न लिंगाचा उरत नाही, अंडीच मरतात.

पिल्लं बाहेर पडून दोन-तीन दिवस झाले की घरटं उकरायचं, रिकामी कवचं आणि न उबलेली अंडी वेगवेगळी मोजायची. लॉगर पुसून पुन्हा बर्फात ठेवायचा. आता शून्य दाखवत नसेल, तर सगळ्या नोंदी त्या फरकाने दुरुस्त करायच्या, आणि मगच आलेख काढायला बसायचं.