टेबलावरची खांदेरी

श्रोतेहो, नमस्कार. दिवाळीचा किल्ला मोडला की मावळे पुन्हा खोक्यात जातात. पण फासे, फूटपट्टी आणि नियम घेऊन इतिहासातली लढाई टेबलावर लढवण्याचाही एक छंद आहे, आणि आपल्या किनाऱ्यावर तो सुरू करायला खांदेरीसारखी लढाई नाही. १८ ऑक्टोबर १६७९. अलिबागजवळच्या थळसमोरच्या खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांचा कोट उभा राहतोय, इंग्रजांची आठ जहाजं वाट अडवून नांगरलेली, आणि भल्या पहाटे मराठ्यांची चाळीसहून जास्त गलबतं त्यांच्यावर चालून येतात.

टेबल चार फूट बाय तीन फूट पुरे. १:६०० प्रमाणात इंग्रजांची ‘रिव्हेंज’ फ्रिगेट, म्हणजे शिडाचं लढाऊ जहाज, पाचेक सेंटिमीटर, गलबत तीन. एका पट्टीवर तीन गलबतं चिकटवा, अशा चौदा पट्ट्या करा. बेट थर्माकोलचं, त्यावर दोन टेकड्या हव्यातच. थर्माकोलवर थेट स्प्रे मारला तर ते विरघळतं, म्हणून आधी पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचा हात द्या. पुठ्ठ्याची पट्टी एकाच बाजूने रंगवली की वाकते. पावसाळ्यात मॅट वार्निश फवारलं तर दमट हवेने पांढुरकं पडतं. ते काम दसऱ्यानंतरच.

खरा जीव वाऱ्याच्या नियमात आहे. पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून येतो, तोही मंद. दर फेरीला फासा टाका. एक ते तीन पडले तर वारा नाही, शिडाचं जहाज जागचं हलणार नाही; वल्ह्यांचं गलबत मात्र दहा सेंटिमीटर जाणारच. चार-पाचला फ्रिगेट पंधरा, सहाला वीस. वाऱ्याच्या तोंडावर पंचेचाळीस अंशांच्या आत तिला जाता येत नाही, आणि प्रत्येक वळणाआधी पाच सेंटिमीटर सरळ जावंच लागतं. हा नियम गाळला की फ्रिगेट भोवऱ्यासारखी फिरते आणि गलबतं फुकट मरतात. तिच्या तोफा दोन्ही कुशींना, म्हणजे बाजूंना; गलबताची तोफ नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर. नवखे खेळाडू नेमके कुशीसमोर घुसतात. जायचं असतं पिछाडीकडून. वल्हेकरीही थकतात: सलग चार फेऱ्यांनंतर चाल निम्मी.

इंग्रजांची ‘डव्ह’ ही गुराब, म्हणजे शिडाचं लढाऊ गलबतासारखं जहाज, पडली की बाकीच्या लहान जहाजांसाठी फासा टाका. चार किंवा कमी आले तर ती पळतात. त्या दिवशी झालंही तसंच. ‘डव्ह’ मराठ्यांच्या हाती लागली, बाकीची पांगली, ‘रिव्हेंज’ एकटी झुंजत राहिली. तरीही हार-जीत बुडालेल्या जहाजांवर ठरवू नका, कारण पुढेही इंग्रजांना कोटाची रसद काही तोडता आली नाही. किनाऱ्यावरून निघून खांदेरीला टेकलेली प्रत्येक पट्टी मराठ्यांना तीन गुण, धरलेलं जहाज दोन; बुडवलेली पट्टी इंग्रजांना एक.