पेवातला सोर्स कोड

(सांगलीत सॉफ्टवेअर व्यावसायिक आणि पतसंस्थांच्या व्यवस्थापकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, इथल्या सगळ्यांनी पाहिली आहेत. हळद एकाची आणि पेव दुसऱ्याचं. पेवात ठेवली म्हणून ती पेवमालकाची होत नाही. सोर्स कोड म्हणजे सॉफ्टवेअरचा माणसाला वाचता येणारा मूळ मजकूर, आणि सोर्स कोड एस्क्रो ही त्याची अशीच तिऱ्हाइताकडची ठेव आहे. सॉफ्टवेअर लिहिणारा, ते वापरणारी संस्था आणि कोड सांभाळणारा एजंट असे तिघे मिळून हा करार करतात.

त्याची गरज मला एका पतसंस्थेमुळे कळली. त्यांना सॉफ्टवेअर करून देणारा तरुण अचानक वारला. सॉफ्टवेअर चालू होतं, पण ठेवींवरच्या व्याजाचा हिशेब बदलायचा होता आणि तो कोडातच बांधलेला. संस्थेकडे फक्त चालणारी फाईल होती. मशीनला ती कळते, पण माणसाला वाचून दुरुस्त करता येत नाही. त्याच्या पत्नीने लॅपटॉप आणून दिला, तर पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही. शेवटी नवं सॉफ्टवेअर घेतलं आणि जुनी खाती हाताने जुळवताना कर्मचाऱ्यांच्या कित्येक रात्री गेल्या.

व्यवस्थापकांची अडचण सगळ्यांना दिसली. मला मात्र त्या बाईंचं नुकसान जास्त लागलं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम ही साहित्यकृती धरली जाते. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं तिचा हक्क वारसांकडे राहतो. म्हणजे तो कोड त्यांची मालमत्ता होता, पण एका बंद लॅपटॉपमध्ये अडकलेला. एस्क्रो ही फक्त गिऱ्हाइकाची सोय आहे असं मानणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो.

लिहिणाऱ्याला आणखीही आधार मिळतो. एजंटकडे कोड दिल्याची तारखेसह नोंद राहते, म्हणून उद्या कुणी नक्कल केली तर हातात पुरावा असतो. संस्थेने नुसतं मागितलं म्हणून एजंटने कोड द्यायचा नसतो. आधी लिहिणाऱ्याला नोटीस जावी, हरकत घ्यायला मुदत मिळावी आणि वाद झाला तर तो लवादाकडे जावा, हे करारात लिहून घ्या. कोड मिळाल्यावरही संस्थेने तो स्वतःच्या कामापुरता दुरुस्त करावा. विकायचा किंवा दुसऱ्या संस्थेला द्यायचा नाही. कोड वापरायचा हा परवाना किती काळाचा, तेही लिहा. मुदत लिहिलेली नसेल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ आणि ३०-अ नुसार ती ५ वर्षं धरली जाते.

आता संस्थांसाठी. कोड कधी मोकळा होणार, म्हणजे एजंटने तो संस्थेला कधी द्यायचा, हे नेमक्या शब्दांत हवं. ‘कंपनी दिवाळखोरीत गेली तर’ एवढ्यावर विसंबू नका. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत अर्ज दाखल करून घेतला की कंपनीविरुद्धच्या दाव्यांना आणि वसुलीला कलम १४ ची स्थगिती लागते आणि नेमक्या त्याच वेळी वाद उभा राहू शकतो. अमेरिकेने १९८८ मध्ये परवानाधारकाला अशा वेळी कायद्यानेच संरक्षण दिलं. आपल्या संहितेत तसं कलम नाही. म्हणून अट आधीच्या टप्प्याची घाला: लेखी तक्रारीनंतर अमुक दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर कोड मोकळा.

आणि ठेव उघडून पाहा. अनेक करार इथेच पोकळ निघतात. जुनी आवृत्ती, अर्धा कोड, लायब्ररींच्या (वापरलेल्या तयार कोडसंचांच्या) आवृत्त्यांची नोंद नाही, डेटाबेसची रचना नाही, डिजिटल किल्ल्या नाहीत. कोऱ्या संगणकावर त्या ठेवीतून सॉफ्टवेअर बांधून चालवून दाखवायला सांगा, आणि प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर ठेवही बदला. प्रत कुठे आहे तेही विचारा. २००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं होतं. एक प्रत कृष्णाकाठापासून लांब असू द्या.

रिझर्व्ह बँकेचे नोव्हेंबर २०२३ चे निर्देश १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. त्यांत व्यापारी बँकांना महत्त्वाच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड घ्यायला सांगितलं आहे. ते शक्य नसेल तर एस्क्रो किंवा तशी दुसरी व्यवस्था. पतसंस्था त्या कक्षेत नाहीत, पण सभासदांचा पैसा त्यांच्याकडेही आहेच.

त्या पतसंस्थेने पुढे नव्या सॉफ्टवेअरवाल्याशी असा करार केला. मसुदा वाचून या नव्या सॉफ्टवेअरवाल्याने एकच कलम वाढवून मागितलं: माझ्या पश्चात कोड मोकळा झाला, तर वार्षिक परवान्याची रक्कम माझ्या बायकोच्या खात्यावर जमा करत राहा. संस्थेच्या संचालकांनी ते त्याच बैठकीत मान्य केलं.