जुनं बिझनेस जेट घेताय? आधी बॅटरीवर सुरू करून दाखवायला सांगा

[दृश्य : हँगरमध्ये उभं असलेलं लिअरजेट 35ए. कॅमेरा शेपटीकडून पुढे येतो.]

जुनं जेट बघायला आलेला माणूस आधी रंग बघतो, मग सीटांचं चामडं, मग इंजिनांचे तास. विजेचा विषय निघतो तो सौदा झाल्यावर, वर्कशॉपचं पहिलं बिल हातात पडतं तेव्हा.

हे लिअरजेट 35ए. अमेरिकेतल्या विचिटा शहरात सत्तरच्या दशकात घडलेली ही जात. याची मुख्य वीज 28 व्होल्ट डीसी, म्हणजे बॅटरीसारखी एकाच दिशेने वाहणारी. प्रत्येक इंजिनावर एक स्टार्टर-जनरेटर बसवलेला असतो. सुरुवातीला तो मोटर होऊन इंजिन फिरवतो, इंजिनाने वेग धरला की तोच वीज द्यायला लागतो. जुन्या जायरोंना (विमानाचा कल आणि दिशा दाखवणारी यंत्रं) आणि काही उपकरणांना मात्र 115 व्होल्ट, 400 हर्ट्झ एसी लागते. आपल्या घरातली वीज 50 हर्ट्झची. वारंवारता वाढवली की ट्रान्सफॉर्मर लहान आणि हलके होतात, विमानाला तेच हवं. ही एसी तयार करतात इन्व्हर्टर. दोन असतात, काही विमानांत तिसराही. म्हणून नुसतं मॉडेलचं नाव ऐकून भागत नाही. सिरियल नंबर घ्या आणि त्या नंबराला लागू असलेला वायरिंग डायग्राम उघडा.

[दृश्य : इशारा-दिव्यांचं पॅनेल, जवळून.]

‘बॅट 140’, ‘बॅट 160’. बॅटरी तापली की लागणारे हे दिवे. आकडे फॅरनहाइटचे, म्हणजे 60 आणि 71 अंश सेल्सिअस. निकेल-कॅडमियम बॅटरी एकदा तापत गेली की स्वतःलाच आणखी तापवते, म्हणून हा पहारा. तिची देखभालही चोख लागते. ठरलेल्या मुदतीने उतरवून, पूर्ण डिस्चार्ज करून, एकेक सेल तपासायचा. लेड-ॲसिड बॅटरी स्वस्त आणि कमी कटकटीची. पण निकेल-कॅडमियम इंजिन सुरू करताना जास्त दम दाखवते. विमानात आज यातली कोणती आहे आणि बदल केला असेल तर त्याची मंजुरी लॉगबुकात आहे का, हे बघितल्याशिवाय भाव बोलूच नये.

लिथियमचं काय? सेसना कंपनीने आपल्या सायटेशन सीजे4 या बिझनेस जेटमध्ये मुख्य बॅटरी म्हणून लिथियम-आयन दिली होती. 2011 मध्ये जमिनीवर उभ्या असलेल्या एका सीजे4 ला बाहेरचा वीजपुरवठा जोडला आणि बॅटरी पेटली. त्याच ऑक्टोबरात अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या विमान-नियामक संस्थेने, तातडीचा आदेश काढला : त्या बॅटऱ्या काढा, निकेल-कॅडमियम किंवा लेड-ॲसिड बसवा. त्या काळातलं सीजे4 घेणाऱ्याने ही नोंद स्वतःच्या डोळ्यांनी वाचावी.

[दृश्य : चॅलेंजर 604, एपीयूचा आवाज.]

इथे गणितच उलटं. चॅलेंजर 604 च्या इंजिनांवरचे जनरेटर थेट एसी देतात, प्रत्येकाची क्षमता 30 केव्हीए, आणि डीसी त्यातून बनवली जाते. इंजिन सुरू होतं ते विजेच्या मोटरने नाही, दाबाच्या हवेने. ही हवा सहसा शेपटीतल्या छोट्या टर्बाईनकडून, म्हणजे एपीयूकडून येते. एपीयू रुसला आणि विमानतळावर एअर-स्टार्ट गाडी नसली, तर एवढं मोठं विमान जागचं हलत नाही. लिअरजेट अशा वेळी स्वतःच्या बॅटरीवर निघून जातं. आडबाजूच्या धावपट्ट्यांवर जाणाऱ्याने याचा विचार आधी करावा. केबिनमध्ये उभं राहता येतं की नाही, ते नंतर.

आता मूळ परीक्षा. विक्रेते बहुधा बाहेरचा जीपीयू, म्हणजे जमिनीवरून वीज देणारं यंत्र, जोडूनच इंजिन सुरू करून दाखवतात. लिअरजेटसारखं डीसी जेट असेल तर तो काढायला लावा. बॅटरीवर बटण दाबलं की व्होल्टमीटरचा काटा खाली येणारच. बघायचं ते इंजिन किती चटकन वेग घेतं ते. बॅटरी लेचीपेची असेल तर हवा पुरेशी ओढली जात नाही, इंधन मात्र पेटतं आणि टर्बाईनचं तापमान मर्यादेपलीकडे जातं. याला म्हणतात हॉट स्टार्ट. बॅटरीवर वाचवलेले पैसे मग टर्बाईनच्या पात्यांवर जातात. हे सुरू होताना हाताशी मेकॅनिक हवाच, आणि तो विक्रेत्याचा नको.

[दृश्य : केबिन. कॉफी मशीन, मायक्रोवेव्ह.]

आणि हे मागून बसवलेलं सामान. आधीच्या मालकाने कॉफी मशीन लावलं, वाय-फाय घेतलं, सीटशेजारी सॉकेट काढले. प्रत्येकाचा भार त्याच जनरेटरवर. त्या बदलांनंतर विजेच्या भाराचा हिशेब नव्याने मांडला होता का, तो कागद मागा. नाही मिळाला, तर तो तयार करून घेण्याचा खर्च विक्रेत्याच्या किमतीतून वजा करायला सांगा.